फोन आलाच नव्हता

रुग्णवाहिकांच्या कंट्रोल रूममध्ये तिला सगळे वहिनी म्हणत. नवरा त्याच खात्यात गाडीवर ड्रायव्हर होता, आणि बाकीचे ड्रायव्हर त्याला भाऊ मानत, म्हणून ती वहिनी. पुढे नवरा राहिला नाही, नाव मात्र राहिलं. नवीन आलेली माणसंही वहिनीच म्हणायची, आणि कुणाची वहिनी हे कुणी विचारायचं नाही.

खोली दुसऱ्या मजल्यावर. तीन टेबलं, तीन फोन, भिंतीवर शहराचा मोठा नकाशा, आणि एका कोपऱ्यात वायरलेसचा खोका, ज्यातून दिवसभर खरखर चालू. वहिनींचं टेबल खिडकीशी. हेडफोन कानावर चढवला की त्यांचा आवाज बदलायचा, सपाट आणि सावकाश व्हायचा. पलीकडचा माणूस किंचाळत असला तरी दोन वाक्यांत तो पत्ता सांगायला लागायचा. घरी सासूबाई म्हणायच्या, "माझ्याशी कधी अशी बोललीस का?"

सासूबाई आणि वहिनी, घरात दोघीच. आणि दोघींच्या मध्ये आठ वर्षं एक तिसरा माणूस राहत होता. ऑफिसात त्याला "साहेब" म्हणावं लागे. घरात तो नुसता "तो".

तो म्हणजे डोंगरापलीकडच्या शहराच्या आपत्कालीन खात्याचा प्रमुख. दोन्ही शहरांत एक करार होता. एकावर संकट आलं की दुसऱ्याने गाड्या, होड्या, माणसं पाठवायची. कागदावर शिक्के, सह्या, सगळं व्यवस्थित. पूर आला त्या दिवशी पाणी सकाळी नऊलाच खालच्या वस्तीत शिरलं. वहिनींचा नवरा एका म्हाताऱ्या पेशंटला घेऊन हॉस्पिटलकडे निघाला होता. रेल्वेखालच्या भुयारी रस्त्यात दोन्ही बाजूंनी पाणी आलं आणि गाडी बंद पडली. त्याने आणि सोबतच्या मदतनिसाने म्हाताऱ्याला उचलून गाडीच्या टपावर घेतलं. तिथून त्याने वायरलेसवर सांगितलं, "वहिनींना सांगा, आम्ही वर आहोत, पाणी टायरच्या वर आहे." तोही तिला चारचौघांत वहिनी म्हणायचा, गंमत म्हणून.

शहरातल्या दोन्ही होड्या हॉस्पिटल रिकामं करण्यात अडकलेल्या. वहिनींनी डोंगरापलीकडे फोन लावला. अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती. साहेब स्वतः फोनवर आले. उंच चाकांच्या दोन गाड्या आणि होडी हवी, जागा अमुक, टपावर तीन माणसं, सगळं वहिनींनी सांगितलं. साहेब म्हणाले, "पाठवतो." रस्ता चाळीस मिनिटांचा. वहिनींनी वायरलेसवर सांगितलं, "गाडी निघाली." पुढचा दीड तास नवरा दर दहा मिनिटांनी विचारत राहिला, कुठपर्यंत आली. त्या सांगत राहिल्या, येतेय. दुसऱ्यांदा फोन लावला तर पलीकडे उचलेनात. पावणेएकला वायरलेस गप्प झाला.

मदतनीस वाचला. सिग्नलच्या खांबाला धरून संध्याकाळपर्यंत लोंबकळत होता. त्याला सगळे मलमपट्टी म्हणायचे, लाडाने मलम. नवरा आणि तो म्हातारा दुसऱ्या दिवशी सापडले.

महिन्याभराने चौकशी झाली. साहेबांनी लेखी दिलं की त्या दिवशी शेजारच्या कंट्रोल रूमकडून मदतीची कोणतीही मागणी आली नाही. कॉल टिपून घेणारं यंत्र तळघरातल्या बॅटऱ्यांवर चालायचं आणि तळघर पाण्यात होतं. वहिनींनी आपली नोंदवही पुढे केली. त्यात त्यांच्या हाताने वेळ लिहिलेली. चौकशी अधिकारी चष्म्यावरून बघत म्हणाले, "बाई, हे नंतरही लिहिता येतं." शेवटी अहवालात आलं: संबंधित कर्मचाऱ्याचा पती अडकलेला असल्याने मानसिक धक्क्यामुळे मागणी करायची राहून गेली असावी.

त्या वाक्याने वहिनींना नोकरीवरून काढलं नाही. त्याहून वाईट केलं. लोक त्यांच्यावर दया करायला लागले. जिन्यात, बसस्टॉपवर, नातेवाइकांत. बिचारीला सुचलंच नसेल. असं होतं गं, तू मनाला लावून घेऊ नकोस. एका चुलत नणंदेने तर जवळ घेऊन सांगितलं, "आम्ही तुला माफ केलंय." वहिनींनी तिचा हात बाजूला केला आणि तिच्या घरी पुन्हा पाऊल टाकलं नाही.

सासूबाईंनी मात्र एकदाच विचारलं, "लावला होतास ना?"

"लावला होता."

"मग त्याला सोडू नकोस."

विषय तेवढ्यावर संपला, आणि कधीच संपला नाही.

सगळ्यांनी बदली मागायला सांगितलं. वहिनींनी मागितली नाही. त्याच खोलीत, त्याच फोनवर राहिल्या, कारण त्या माणसापर्यंत जाणारी दोरी तेवढीच होती. दर तीन महिन्यांनी दोन्ही शहरांची बैठक व्हायची. साहेब यायचे, गुळगुळीत दाढी, कडक इस्त्री, सगळ्यांशी हसून. "काय वहिनी, बरं आहे ना?" असं विचारायचे. पहिल्या वर्षी वहिनी त्यांना गाठून म्हणाल्या, "साहेब, फोन आला होता." साहेबांनी आवाज खाली आणला. "वहिनी, तुम्ही त्या दिवशी ज्या अवस्थेत होतात, त्यात माणसाला असं वाटू शकतं." आणि चहाचा कप घेऊन ते दुसरीकडे गेले.

त्यानंतर वहिनींनी त्यांना एक शब्द विचारला नाही. त्या कामाला लागल्या. कॉल टिपणारं यंत्र वरच्या मजल्यावर आणा म्हणून चार अर्ज केले, पाचव्याला आणून घेतलं. नवीन मुलींना शिकवायला लागल्या. मदतीचा फोन आला की पहिले तीन प्रश्न कोणते? जागा कुठली, माणसं किती, रस्ता कुठला मोकळा. तिसरा विसरलात तर पहिल्या दोनचा उपयोग नाही, असं त्या टेबलावर बोट आपटून सांगायच्या. करार नव्याने लिहायचा ठरला तेव्हा त्यांनी एक कलम सुचवलं: मदतीची मागणी प्रमुखाने स्वतःच करायची, आणि नोंद होणाऱ्या फोनवरच करायची. पुरात गोंधळ झाला होता, तो पुन्हा नको, एवढंच कारण दिलं. साहेबांनी ते वाचलं, मान डोलावली आणि सही केली.

लोकांना वाटलं, बाईने दुःख गिळून कामात जीव रमवला. जीव कुठे रमला होता ते सासूबाईंना ठाऊक होतं. संध्याकाळी चप्पल काढतानाच त्या विचारायच्या, "काही?" वहिनी म्हणायच्या, "अजून नाही." आठ वर्षं.

मग भूकंप झाला. सकाळचे पावणेदहा. वहिनींच्या टेबलावरचा चहा बशीत सांडला, नकाशा भिंतीवर डुलला, छताची थोडी पांढरी पूड केसांवर पडली. शहरात फार काही झालं नव्हतं, दोन-चार भिंती, एक टाकी. वहिनींनी पाचही गाड्या फाटकाशी काढून इंजिनं चालू ठेवायला लावली. हादरा डोंगराच्या बाजूने आलाय, हे त्यांना कुणी सांगावं लागलं नाही.

दहा वाजून सहा मिनिटांनी फोनवर डोंगरापलीकडच्या लाइनचा दिवा लागला.

"हॅलो, मी बोलतोय. वरची पेठ सगळी बसलीय. चाळीस-पन्नास माणसं खाली आहेत. आमच्या दोन गाड्या शेडखाली दबल्यात. जेवढ्या असतील तेवढ्या गाड्या पाठवा. आणि ऐका..."

आवाज फाटलेला होता, तरी वहिनींनी पहिल्या शब्दाला ओळखला. आठ वर्षांत त्यांनी तो आवाज मनात इतक्या वेळा ऐकला होता, की खरा ऐकताना तो थोडा लहान वाटला.

"थांबा," त्या म्हणाल्या, आणि फोनचं बटण दाबून आवाज बंद केला. शेजारच्या टेबलावर जाड भिंगांची चष्मेवाली होती, पाच वर्षांपासूनची जोडीदारीण. तिला म्हणाल्या, "पाचही सोड. वरच्या पेठेत."

"रस्ता?"

"पुलाचा," वहिनी म्हणाल्या. पुलाचाच रस्ता जवळचा, नेहमीचा. तोंडातून निघून गेलं. त्यांचं लक्ष तिथे नव्हतंच. खाली सायरन वाजले, गाड्या फाटकाबाहेर पडल्या, आणि वहिनींनी बटण पुन्हा दाबलं.

"साहेब, आठ वर्षांपूर्वीच्या पुराचा दिवस. अकरा वाजून दहा मिनिटं. मी फोन केला होता का?"

पलीकडे क्षणभर नुसता गलका. "कोण बोलतंय? वहिनी? अहो, इथे माणसं गाडली गेलीत. ही वेळ आहे का?"

"तिथेही माणसं टपावर होती. हो की नाही, तेवढं सांगा."

"आधी माझं ऐका. गाड्यांना..."

"हो की नाही."

"मी तुमची तक्रार करीन."

"करा. कॉलची नोंद होतेय, तुम्हाला पुरावाही मिळेल. फोन आला होता का?"

चष्मेवाली हातातलं पेन थांबवून बघत राहिली. वहिनींचा आवाज नेहमीसारखाच होता, सपाट, सावकाश. त्यांना गाड्या सोडल्याचं सांगायचं नव्हतं. येतेय की नाही, हे न कळणं कसं असतं, ते त्या माणसाला जरा तरी कळू दे.

साहेबांनी शिवी दिली. मग विनवलं. मग पलीकडे कुणीतरी जॅक मागत ओरडलं, एक बाई रडत होती, आणि साहेबांचा आवाज एकदम बसला.

"आला होता."

"काय म्हणालात?"

"पाठवतो म्हणालो."

"पाठवलीत?"

"नाही."

"का?"

"वाटलं, पाणी आपल्याकडेही चढेल. दोनच गाड्या होत्या माझ्याकडे. मग पाणी चढलंच नाही. दुसऱ्या दिवशी कळलं, तुमचा माणूस गेला. मग मी काय सांगणार होतो?"

"लिहिलंत काय?"

"फोन आलाच नाही, असं लिहिलं." तो रडत होता की धुळीने घसा भरला होता, कळलं नाही. "झालं का? आता पाठवता का?"

वहिनींनी घड्याळाकडे बघितलं. चार मिनिटं झाली होती. आठ वर्षं जे वाक्य ऐकायचं होतं ते ऐकून झालं होतं, आणि छातीत काहीतरी मोकळं झाल्यासारखं वाटलं. गोड वाटलं. नंतर त्यांनी ते कुणापासून लपवलं नाही, त्या क्षणी फार गोड वाटलं.

"गाड्या चार मिनिटांपूर्वीच निघाल्यात, साहेब."

"कुठल्या रस्त्याने?"

"पुलाच्या."

"पूल खचलाय, वहिनी. तेच सांगत होतो मी. खाणीच्या रस्त्याने या म्हणून. तुम्ही बोलूच दिलं नाहीत."

चष्मेवाली आपल्या हेडफोनवर हाच कॉल ऐकत होती, तिने वायरलेस उचललाच होता. पण रस्त्यांचा फाटा फाटकापासून तीन मिनिटांवर. त्याच्या पुढे डोंगर आड येतो, पुलापर्यंत वायरलेस लागत नाही. ड्रायव्हरांचे खासगी फोन त्या बाजूला हादऱ्यानंतर बंदच. चष्मेवाली एकेका गाडीला हाक मारत राहिली आणि खोका नुसता खरखरत राहिला. वहिनी हेडफोन कानावर ठेवून बसून होत्या. गाड्या पुलापर्यंत गेल्या, वळल्या, फाट्यापर्यंत परत आल्या आणि खाणीच्या रस्त्याला लागल्या. या फेऱ्यात अठ्ठावीस मिनिटं गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मलम परत आला. पहिल्या गाडीवर तोच होता. कपडे मातीने कडक झालेले, बोटांना चिंध्या बांधलेल्या. तो वहिनींच्या टेबलाशी स्टूल ओढून बसला. एकोणीस माणसं जिवंत काढली, म्हणाला. आणि मग म्हणाला, "एक शिंपी होता. मांडीवर तुळई. शुद्धीत होता म्हणे, बायकोशी बोलत होता. आम्ही पोचलो तेव्हा हात गरम होता. अर्धा तास आधी असतो तर पट्टा आवळून वाचवला असता मी त्याला. पुलाचं आधी कळायला हवं होतं, वहिनी."

"मला सांगत होते. मी ऐकलं नाही," वहिनी म्हणाल्या, आणि काय घडलं ते त्याला सगळं सांगितलं. जो माणूस त्या टपावरून एकटा परत आला होता, त्याच्यापासून त्यांना काही लपवायचं नव्हतं.

मलमने बोटाची एक चिंधी सोडून पुन्हा घट्ट बांधली. "कबूल झाला?" त्याने विचारलं.

"झाला."

"बरं झालं," तो म्हणाला. मग उठता उठता म्हणाला, "नाही. बरं नाही झालं." आणि गेला.

घरी त्या संध्याकाळी वहिनींनी कॉलची प्रत सासूबाईंना ऐकवली. सासूबाई खुर्चीच्या टोकाला बसून ऐकत होत्या, हात मांडीवर, डोळे मिटलेले. संपल्यावर म्हणाल्या, "परत लाव." तीनदा लावलं. मग वहिनींनी शिंप्याचं सांगितलं. सासूबाईंनी डोळे उघडले नाहीत.

"मला चार मिनिटांचं काही सांगू नकोस. माझा पोरगा दीड तास टपावर उभा होता."

"तो शिंपी त्यात नव्हता, आई."

"माझा पोरगा तरी कशात होता?" सासूबाई म्हणाल्या, आणि उठून आत गेल्या. त्या रात्री त्या गाढ झोपल्या. वहिनींना मात्र झोप लागली नाही.

जुन्या चौकशीची फाइल पुन्हा उघडायची तर कॉल द्यावा लागणार होता. चष्मेवालीने बाजूला घेऊन सांगितलं, "वहिनी, कबुलीपर्यंतचा तुकडाच द्या. पुढचं कशाला? ऐकतंय कोण?" वहिनींनी दोन दिवस विचार केला. तुकडा देणं सोपं होतं. साहेब जातील, आपल्यावर कुणी बोट ठेवणार नाही. पण मग तेही एक प्रकारचं लिहिणंच झालं, फोन आलाच नाही असं. आपणही तेच केलं, तर त्या माणसाचा आठ वर्षं जो द्वेष केला, तो कशाच्या जोरावर केला? तो द्वेष त्यांना टाकायचा नव्हता. तो खरा राहायला हवा होता. त्यांनी पूर्ण कॉल दिला, पहिल्या हॅलोपासून पूल खचलाय इथपर्यंत, आणि सोबत आपल्या हाताने लिहून दिलं की रस्ता न विचारता गाड्या आपण पाठवल्या.

साहेबांना घरी बसवलं. खटला उभा राहिला. जुन्या अहवालाला एक पान जोडलं गेलं: मागणी अकरा वाजून दहा मिनिटांनी प्राप्त झाली होती. वहिनींनी ते पान दोन्ही हातांत धरून उभ्याने वाचलं. माफ करणाऱ्या चुलत नणंदेने फोन केला, तो त्यांनी उचलला नाही. त्याच आठवड्यात त्यांनाही फोनवरून उठवलं, आणि निकाल लागेपर्यंत तळमजल्यावरच्या भांडारात बसवलं. गॉझचे गठ्ठे, सलाइनच्या पेट्या, स्ट्रेचरचे पट्टे.

तिथेच एका दुपारी शिंप्याची बायको आली. चाळिशीची, सडपातळ, बोटांवर सुयांचे जुने व्रण. तीही शिवणकाम करत असावी. दारातच उभी राहिली.

"फोनवरची बाई तुम्हीच का?"

"मीच."

"मला कागदावरचं नको. तुमच्या तोंडून सांगा."

वहिनींनी सांगितलं. पूर, टप, अकरा दहा, चार मिनिटं, पूल. नवऱ्याचं सांगताना आवाज हळवा होऊ दिला नाही, कारण तो या बाईच्या पुढे सवलत मागितल्यासारखा झाला असता. त्या संपवून थांबल्या. बाई पेटीवर बसली.

"माझा हात त्यांच्या हातात होता," ती म्हणाली. "मी सांगत होते त्यांना, गाडी निघालीय, येतेय."

वहिनींनी हातातला पट्टा टेबलावर ठेवला.

"माफी मागू नका."

"नाही मागणार."

"तुमचं दुःख मोठं असेल. मला त्याच्याशी काही नाही."

"नसायलाच हवं."

बाईने त्यांच्याकडे नीट बघितलं. त्या नजरेत वहिनींना ओळखीचं काहीतरी दिसलं. बैठकीत चहाचा कप घेऊन दूर जाणाऱ्या पाठीकडे त्या स्वतः अशाच बघत असत.

"तुमच्या ऑफिसातले अधिकारी मला म्हणाले, जाऊ द्या, त्या बाईने पण खूप सोसलंय. मी जाऊ देणार नाही."

"नका देऊ."

"अर्ज करायचाय मला. ऑफिसात तीन खिडक्या फिरले, कुणी धड सांगत नाही."

वहिनींनी खुर्ची पुढे सरकवली आणि टेबलावरचे पट्टे बाजूला केले. अर्ज कुणाच्या नावे करायचा ते सांगितलं. कॉलची प्रत मागण्याचा हक्क आहे, ती वेगळी मागा, नाहीतर देणार नाहीत, म्हणाल्या. निष्काळजीपणा असं लिहू नका, कर्तव्य असताना जाणूनबुजून विलंब असं लिहा, त्याचं कलम वेगळं आहे. कलमाचा आकडा सांगितला. बाई लिहीत गेली. अक्षर मोठं, तिरकं. मध्येच तिने विचारलं, "जाणूनबुजून? गाड्या तर तुम्ही आधीच सोडल्या होत्या."

"पण रस्ता सांगू दिला नाही. ते मला सुचलं नाही म्हणून नाही. मला त्याला बोलू द्यायचं नव्हतं म्हणून."

बाईने तेही लिहिलं.

सुनावणी दोन महिन्यांनी झाली. सव्वा तास चालली. वहिनींना अकरा प्रश्न विचारले, अकराही प्रश्नांना त्यांनी हो म्हटलं. मानसिक अवस्थेबद्दल काही सांगायचंय का, असं अधिकाऱ्यांनी समजुतीच्या सुरात विचारलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "अवस्था चांगली होती. मी काय करतेय ते मला कळत होतं." नोकरी गेली. बाहेर बाकावर शिंप्याची बायको बसली होती, हातात पिशवी, पाठ ताठ. मलम भिंतीला टेकून उभा होता. वहिनी समोरून गेल्या, तेव्हा बाईने नजर वळवली नाही आणि मानही हलवली नाही. वहिनींनीही तशी अपेक्षा केली नव्हती.

जिन्यात मलमने विचारलं, "साहेबाचा राग गेला का आता?"

"नाही," वहिनी म्हणाल्या.

तो त्यांच्या बरोबर फाटकापर्यंत चालत आला. तिथे एक गाडी सायरन लावून बाहेर पडत होती, म्हणून दोघं बाजूला झाले, आणि ती रस्त्याला लागेपर्यंत तिथेच उभे राहिले.